दुसरी चावी

म्हैसूरला पोस्टिंग झालं की ओळखीचे लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. राजवाडा घरापासून किती लांब, आणि दसऱ्याच्या मिरवणुकीचे पास मिळतील का? एनसीसीच्या पोस्टिंगवर मी इथे आलो तेव्हा माझं लक्ष मात्र एका पाटीनं वेधलं. पाटीवर लिहिलं होतं, लष्कर मोहल्ला.

जुन्या म्हैसूरचे भाग मोहल्ल्यांच्या नावानं ओळखले जातात. फोर्ट, देवराज, कृष्णराज, मंडी, नझरबाद आणि लष्कर. नाव फौजेचं असलं तरी आज इथे फौज दिसत नाही. सराफी दुकानं, लॉज, बसस्टँडच्या बाजूची गर्दी, आणि अशोका रोडवरच्या सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे. वर्दीतला माणूस दिसलाच तर तो पोलीस किंवा सुट्टीवर चाललेला जवान. ट्रंक खांद्यावर, डोळे बसच्या पाटीवर.

या भागातून इर्विन रोड जातो. आम्हा सांगलीकरांना हे नाव ऐकलं की रस्ता आठवत नाही, पूल आठवतो. तोच व्हाइसरॉय, आमच्याकडे त्याचा उच्चार आयर्विन. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली बांधून झाला आणि तेव्हापासून तो आमची फूटपट्टी आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीचा माणूस जगात कुठेही असो, घरी फोन लावला की प्रकृतीच्या आधी विचारतो, "पुलाला किती?"

या मोहल्ल्यात मला आमच्याकडची माणसंही भेटली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा घेऊन देशभर पांगली आहेत, हे आपल्याला माहीत आहे. जिथे सराफ बाजार तिथे गलाईवाला, आणि तो बहुधा विट्याच्या आसपासचा. अशोका रोडच्या मागच्या एका बोळात असंच एक दुकान आहे. मालक सत्तरीचे. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी "साहेब" होतो, गाव सांगितल्यावर "पाव्हणं" झालो.

एकदा बोलता बोलता कोविडचा विषय निघाला. त्यांच्या बोळाच्या दोन्ही तोंडांना बांबू आणि पत्रे लागले होते. इकडे त्याला सीलडाऊन म्हणत. मी विचारलं, "आबा, तेव्हा दुकानाचं काय केलंत?"

"दुकान बंदच हुतं की. पर भट्टीची चावी म्या एकट्यानं ठिवली न्हाय. एक मला, एक बोळाच्या भाईर ऱ्हाणाऱ्या पोराला. लोकांचं सोनं आत. मी गेलो आसतो तर दुसऱ्या दिवशी त्यांना कुनी उत्तर द्यायचं?"

मग थोडं थांबून म्हणाले, "आमची म्हातारी रातच्याला चुलीतला इस्तू राखंत झाकून ठिवायची. चूल इझली तर इझली. इस्तू ऱ्हायला पायजे. सकाळी कुनाच्या दारात मागाय जायचं न्हाय."

चोवीस वर्षं मी वेगवेगळ्या पोस्टिंगवर आपत्तीच्या काळात नागरी प्रशासनासोबत काम करत आलो आहे. त्या विषयावरची बरीच सादरीकरणं पाहिली आहेत. त्यातलं मर्म आबांनी चुलीपाशी आणून ठेवलं. आज त्याच विषयावर लिहितो आहे : आपत्ती आली की सरकारी कचेरीचं काय होतं, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते की नाही.

आपण आपत्ती म्हटलं की बोट, हेलिकॉप्टर, दोर, पोत्यात भरलेली वाळू एवढंच डोळ्यांसमोर आणतो. टीव्हीवर तेच दिसतं, आणि त्यात आम्ही फौजीही दिसतो. पण बोटीनं बाहेर काढलेल्या माणसाला संध्याकाळी जेवण लागतं, रात्री औषध लागतं, चौथ्या दिवशी पिण्याचं पाणी लागतं, पंधराव्या दिवशी पंचनामा लागतो, महिन्यानं दाखला लागतो. हे सगळं फौज देत नाही. ते तलाठी, ग्रामसेवक, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन, वायरमन, आरोग्य सेविका, सफाई कामगार आणि कारकून देतात. आमच्याकडे नियम आहे की नागरी मदतीला फौज सगळ्यात शेवटी बोलवावी आणि सगळ्यात आधी परत पाठवावी. आम्ही परत गेल्यावर जे उरतं, तेच खरं शासन.

कायद्यात या सगळ्याची तरतूद आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण केलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा, असंही त्यात लिहिलं आहे. नगरपालिका, पंचायती यांच्यावरही आपली माणसं आणि साधनं तयार ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे.

आराखडे असतातही. एका कचेरीत मला असा आराखडा पाहायला मिळाला. कचेरी कुठली आणि कुठल्या राज्यातली ते सांगत नाही, कारण तशा बऱ्याच आहेत. आमचे कॅडेट तिथे रंगीत तालमीत स्वयंसेवक म्हणून जाणार होते. जाड बाइंडिंग, नकाशे, मुखपृष्ठावर बोधचिन्ह. मागच्या पानांवर फोन नंबरांची यादी. मी दोन कॅडेटना बसवून सगळे नंबर लावायला सांगितले. निम्म्याहून जास्त माणसं बदलून गेली होती. एक सद्गृहस्थ निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. त्यांनी मात्र अगत्यानं विचारलं, "काही काम होतं का?" नियंत्रण कक्ष तळमजल्यावर, जनरेटर त्याच्याही खाली, आणि साहित्याच्या गोदामाची चावी ज्यांच्याकडे होती ते त्या दिवशी रजेवर.

फौजेत आदेश देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. एनडीएत पहिल्या कॅम्पपासून ती अंगात भिनवतात. आदेशाचे पाच परिच्छेद. परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद, आणि पाचवा, कमांड अँड सिग्नल. नवख्या कॅडेटला हा पाचवा परिच्छेद कंटाळवाणा वाटतो. त्यात लिहायचं असतं की कमांडर कुठे असेल, तो कामी आला तर त्याची जागा कोण घेईल, तोही गेला तर कोण, मुख्यालय हललं तर कुठे जाईल, आणि रेडिओ बंद पडला तर निरोप कसा पोचेल. सेक्शनच्या शेवटच्या जवानालाही हे माहीत असावं लागतं. यात अपशकुन मानत नाहीत. मी बघितलेल्या बहुतेक नागरी आराखड्यांत पहिले चार परिच्छेद उत्तम असतात. पाचवा नसतो. तहसीलदार स्वतःच पुरात अडकले तर सही कोण करेल, हा प्रश्न विचारणं आपल्याकडे असभ्य समजलं जातं.

सप्टेंबर २०१४ मध्ये मी श्रीनगरला होतो. झेलमचं पाणी एका रात्रीत शहरात शिरलं. सचिवालय, पोलीस मुख्यालय, मोठी रुग्णालयं, सगळं पाण्यात. आमची बदामी बाग छावणीसुद्धा पाण्यात. फोन बंद. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी नंतर उघडपणे सांगितलं की पहिले काही तास त्यांच्या हाताशी सरकारच नव्हतं. सरकार वाईट होतं असं नाही. ज्या माणसांचं सरकार बनतं तीच माणसं आपापल्या घरांच्या माळ्यावर बायकामुलांना घेऊन बसली होती.

ऑपरेशन मेघ राहतमध्ये आम्ही बोटी चालवल्या, माणसं काढली, ते सगळं ठीकच. मला आठवतो तो तिसऱ्या दिवशीचा एक माणूस. पाणीपुरवठा विभागातला वयस्क कर्मचारी, अंगात भिजलेला फेरन, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही. त्यानं आमची बोट थांबवली. आम्हाला वाटलं सुटका हवी आहे. तो म्हणाला, मला पंपहाऊसवर सोडा. त्याच्या वहीत त्याच्या भागातले सगळे व्हॉल्व्ह, त्यांच्या खुणा, आणि कुठली लाइन कुठे जोडली आहे ते हातानं काढलेलं होतं. असा नकाशा आमच्याकडे नव्हता, आणि ज्या कचेरीत असायला हवा ती कचेरी पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर त्या भागात नळ कुठल्या क्रमानं सोडायचे, हे त्या वहीवरून ठरलं. त्याचं स्वतःचं घर बुडालेलं होतं, हे आम्हाला त्याला सोडताना कळलं.

तो कामावर आला हे त्याचं मोठेपण. पण एका अख्ख्या भागाचं पाणी एका माणसाच्या वहीवर अवलंबून असावं, ही व्यवस्थेची शोभा नव्हे. ती वही भिजली असती तर?

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, मी अरुणाचलात होतो आणि पाणी माझ्या गावात होतं. आयर्विन पुलाला सत्तावन्न फुटांवर पाणी गेलं. २००५ चा पूर मोठा म्हणायचो, तो मागे पडला. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरपाशी कित्येक दिवस बंद होता. ब्रह्मनाळला पंचायतीची बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. माझ्याच वर्दीतली मुलं सांगलीच्या गल्ल्यांत बोटी फिरवत होती, आणि मी दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर एका डोंगरावर मोबाइलची एक काडी शोधत उभा होतो.

त्या आठवड्यात माझा मामा गेला. पुरानं नाही, हृदयविकारानं. पण पुराच्या आठवड्यात गेला. नदीकाठचं स्मशान पाण्याखाली होतं. गावातल्या मुलांनी माळावर, एका शेताच्या बांधाशी, कोरडी लाकडं गोळा करून त्याला अग्नी दिला. मला हे आईनं फोनवर सांगितलं. तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं, मग पुन्हा लागायला दुसरा दिवस उजाडला.

मामी, दोन मुली, एक अजून शिकत होती. मामाचा विमा होता, सोसायटीचं कर्ज होतं, बँकेत थोडे पैसे होते. या सगळ्याची किल्ली एकच, मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीची इमारत छपरापर्यंत पाण्यात होती. मी फोनवर माझ्या परीनं हिशेब करत होतो की हे प्रकरण आता वर्षभर चालणार. शेजारच्या गावात पूर्वी तसं झालं होतं. रजिस्टर भिजलं, मग प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, तालुक्याच्या चकरा.

पण आमच्या ग्रामसेवकानं एक काम केलं होतं. पुलाला चाळीस फूट झाल्याचं कळल्याबरोबर त्यानं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कराची वही, शिक्के आणि कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा खताच्या रिकाम्या पोत्यात भरला, वरून प्लॅस्टिक बांधलं, आणि स्वतःच्या खांद्यावरून माळावरच्या मराठी शाळेत नेलं. शाळेच्या एका वर्गात पूरग्रस्त झोपले होते. दुसऱ्यात त्यानं बाकावर कचेरी थाटली. भिंतीवर बाराखडी, खाली ग्रामपंचायत. मामाची नोंद चौथ्या दिवशी झाली. पाणी उतरलं तेव्हा मामीच्या हातात कागद होता.

तिच्या दुःखात त्या कागदानं काही फरक पडला नाही. पण मोठ्या मुलीची फी वेळेवर गेली. फौजेत इतकी वर्षं काढल्यावर मला शौर्याच्या बऱ्याच व्याख्या पाठ आहेत. त्या ग्रामसेवकाला कुणी पदक दिलं नाही. त्यालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मी नंतर भेटून विचारलं तर म्हणाला, "दप्तर म्हंजे गावच की साहेब. गाव वर काढलं, दप्तर खाली कसं सोडायचं?"

अशी माणसं आपल्याकडे आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली, कौतुक केलं, आणि पुढच्या बातमीकडे वळलो. कौतुकाच्या पुढचा प्रश्न असा की रोकड टपावर न्यायची वेळ का यावी? नदी वाढते आहे हे कळल्यावर ती कुठे हलवायची, कुणी हलवायची, हे आधी लिहून ठेवलेलं असतं तर तो माणूस आणि ती रोकड दोन्ही आधीच कोरड्या जागी गेली असती.

आपत्ती नेहमी आकाशातून येते असंही नाही. २१ जून २०१२ च्या दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्याला आग लागली, वरचे मजले गेले, पाच माणसं गेली. राज्याचा कारभार जिथून चालतो ती इमारतच जळाली. खाती शहरातल्या इतर इमारतींत हलवावी लागली. गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलात काही खात्यांनी संसार मांडला. जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करायच्या तर त्यांच्या प्रती जिल्ह्यांतून, खालच्या कचेऱ्यांतून मागवायच्या. म्हणजे वरची चूल विझल्यावर विस्तव खालून आला.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ओत्सुची नावाच्या गावाचे महापौर आणि चाळीसच्या आसपास कर्मचारी वाहून गेले. भूकंपानंतर ते नगरपालिकेच्या इमारतीपाशीच बैठक घेत होते, आणि इमारत सखल भागात होती. त्या किनाऱ्यावरच्या काही गावांची कुटुंब-नोंदणीची दप्तरंही गेली. कोण कुणाचा मुलगा, कोण जिवंत, कोण वारस, सगळं त्यात. ते पुन्हा उभं राहिलं, कारण कायद्यानं त्या नोंदींची दुसरी प्रत केंद्राच्या न्यायविषयक कचेरीत ठेवलेली होती. आबांच्या भाषेत, दुसरी चावी बोळाबाहेर होती. माणसांची मात्र दुसरी प्रत नसते. म्हणून कमांड अँड सिग्नलमध्ये एक साधा नियम आहे की कमांडर आणि टूआयसी एका गाडीतून जात नाहीत.

एनडीएत आमच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट खडकवासल्याच्या पाण्याकाठी व्हायचा. पीकॉक बेला होडी चालवायला शिकताना उस्ताद धरणाकडे हात करून पानशेतची गोष्ट सांगत. १२ जुलै १९६१. नवं पानशेत धरण, त्यात पहिल्यांदाच साठवलेलं पाणी, खचत चाललेला बांध, आणि रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही, पण ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. त्या काही तासांत किती जीव वाचले याची मोजदाद होऊ शकत नाही. दुपारी खडकवासलाही फुटलं. पुण्याला ज्या धरणातून पिण्याचं पाणी यायचं तेच गेलं. म्हणजे शहर पाण्यात आणि नळ कोरडे.

त्यानंतर पुणं उभं करायला सरकारनं स. गो. बर्वे यांना आणलं. ते पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त होते. शहराचे नाले, पेठा, माणसं त्यांना ठाऊक होती. संकटात नवा हुशार अधिकारी पाठवण्यापेक्षा ती जागा ओळखणारा अधिकारी पाठवणं केव्हाही चांगलं. आपल्या बदल्यांच्या पद्धतीत ही ओळखच सगळ्यात आधी हरवते.

लष्कर मोहल्ल्यातून फिरताना आणखी एक जुनी गोष्ट मनात येते, आणि ती आम्हा वर्दीवाल्यांसाठी आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. कमिटीचे प्रमुख रँड यांनी घरांची झडती घ्यायला गोरे सोजीर लावले. ते देवघरात शिरले, माजघरात शिरले. आजार शोधायला गेलेल्यांना लोक आजाराहून जास्त घाबरले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी काय केलं ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, प्लेग बंगळूरमार्गे म्हैसूर संस्थानात आला. संस्थानानं प्लेग कमिशनर नेमला तो व्ही. पी. माधवराव. विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमच्या मराठी घरातले, पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, बडोद्याचेही. इथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. श्रीरंगपट्टणजवळ गंजामला प्लेगच्या नियमांविरुद्ध दंगल उसळली. पण साथ थोडी ओसरल्यावर संस्थानानं कमिटी गुंडाळून ठेवली नाही. १९०३ मध्ये म्हैसूरला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं. मुंबईत असाच ट्रस्ट प्लेगमुळेच १८९८ मध्ये निघाला होता. दाट वस्त्या मोकळ्या करणं, रस्ते रुंद करणं, नव्या वसाहती आखणं, गटारं काढणं, हे रोजचं काम झालं. संकटात जे तात्पुरतं करावं लागलं त्यातलं कामाचं ते कायमच्या खात्यात घातलं. आज म्हैसूरच्या स्वच्छतेचं कौतुक होतं, २०१६ च्या सर्वेक्षणात हे शहर देशात पहिलं आलं, त्यामागे पहाटे झाडू घेऊन निघणारे पौरकार्मिक आहेत, आणि त्यांच्याही मागे तो प्लेग आहे.

फौजेनं यातून घ्यायचा धडा सरळ आहे. आपत्तीत वर्दीनं गल्लीत शिरताना पुढे गल्ली ओळखणारा माणूस हवा. गावचा कोतवाल, वॉर्डातली आशाताई, कुणीही. मी माझ्या प्रत्येक कॉलमला हेच सांगत आलो की बोटीत एक जागा स्थानिक माणसासाठी रिकामी ठेवा.

आणि कोविडनं या दोन जिल्ह्यांना जे दाखवलं तेही विसरण्यासारखं नाही. मे २०२१ मध्ये शेजारच्या चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनचा तुटवडा पडला आणि एका दिवसात वीसहून जास्त रुग्ण दगावले. ऑक्सिजन म्हैसूरहून यायचा. कुणी कुणाला अडवलं यावर नंतर चौकशी झाली. त्यानंतर महिन्याभरातच म्हैसूरच्या जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्यातला वाद चव्हाट्यावर आला आणि सरकारनं दोघींचीही बदली केली. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणं माझं काम नाही. पण साथीच्या ऐन भरात एका शहराच्या दोन्ही वरच्या खुर्च्या एकदम बदलल्या. अशा वेळी शहर चालतं ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खुर्चीवर. ती माणसं तयार असतील, त्यांना अधिकार लेखी दिलेले असतील, तर चालतं.

हे सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे या पानाचे निम्मे वाचक निवृत्त फौजी आहेत. सुभेदार साहेब, हवालदार साहेब, तुम्ही गावी परतला आहात. लोक तुम्हाला झेंडावंदनाला बोलावतात, मानाचा फेटा बांधतात. त्या मानाचा थोडा उपयोग करा. महाराष्ट्रात १५ ऑगस्टला ग्रामसभा असते, आणि ती ऐन पावसाळ्यात येते. त्या सभेत उठून चार प्रश्न विचारा.

पहिला, ग्रामपंचायतीच्या कपाटाची दुसरी चावी कुणाकडे आहे, आणि तो माणूस गावाच्या उंच भागात राहतो का? दुसरा, सरपंच आणि ग्रामसेवक दोघेही अडकले तर निर्णय कोण घेईल, आणि हे कुठे लिहिलं आहे? तिसरा, पाणी कुठल्या खुणेला आलं की दप्तर हलवायचं, कुठे आणि कुणाच्या गाडीनं? चौथा, पाण्याच्या टाकीचा, विजेच्या डीपीचा आणि स्मशानाचा पर्याय काय? स्मशानाचा प्रश्न विचारताना लोक जरा चुळबुळतील. तरी विचारा.

उत्तरं मिळाली तर ती एका पानावर लिहून कचेरीच्या भिंतीवर लावायला सांगा. जाड बाइंडिंग नको. वर्षातून एकदा त्या पानावरचे सगळे फोन लावून बघा. युनिटमध्ये आपण स्टँड-टू करायचो तसंच. शत्रू रोज येत नसे, तरी पहाटे उभं राहायचोच.

मी पुढच्या महिन्यापासून इथल्या कॅडेटना हेच काम देणार आहे. प्रत्येकानं आपल्या वॉर्डाच्या कचेरीत जायचं, नमस्कार करायचा आणि चावीबद्दल विचारायचं. परवा आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पोरास्नी आधी आपापल्या घरात इचारू द्या. आईला म्हाईत नसतंय बापानं कागदं कुठं ठिवल्यात."

तोही प्रश्न यादीत घातला आहे.

जय हिंद.